हजेरी घेणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरला स्वतःच्या पोटात काय काय बसवलंय ते कळतं कसं, हा प्रश्न कुणालाही विचारून बघा, उत्तर ठरलेलं असतं, "ड्रायव्हर टाकलेला असतो ना!" उत्तर अगदीच टाकाऊ नाही, फक्त क्रम उलटा आहे. ड्रायव्हर, म्हणजे त्या पार्टशी बोलायचं सॉफ्टवेअर, नंतर येतो. आधी आत कोण बसलंय ते कळावं लागतं, मग त्याचा ड्रायव्हर कुठला ते शोधायचं. आणि ते 'आधी' नेमकं कसं होतं हे मला समजलं तेव्हा थोडी मजा वाटली आणि थोडी धडकीही भरली, कारण कॉम्प्युटर कुणाला ओळखत वगैरे काही नाही. तो विचारतो, तू कोण, आणि समोरून जे उत्तर येईल ते खरं धरून पुढे जातो.

माझा मावसभाऊ सांगलीत असेंबल्ड पीसी बनवून विकायचा आणि कॉलेजच्या सुट्टीत मी त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. फॉरमॅट मारून विंडोज एक्सपी टाकलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी चिन्हं उगवायची, मदरबोर्डबरोबर आलेली सीडी गिऱ्हाइकानं केव्हाच हरवलेली असायची, आणि नेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा म्हटलं तर ज्याचा ड्रायव्हर नाही ते नेमकं लॅनच असायचं, म्हणजे नेटच नाही. दादा शांतपणे त्या पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जायचा, तिथून एक लांबलचक कोड काढायचा आणि त्यातले दोनच तुकडे मोठ्याने वाचायचा. "१०ईसी म्हणजे रिअलटेक. ८१६८ म्हणजे त्यांचं ते गिगाबिटवालं. त्या डब्यात सीडी आहे बघ, मार्करनं लिहिलंय." मला तेव्हा ते भारी वाटायचं, नुसता नंबर बघून सांगतो म्हणजे काय! पण दादाला पाठ होते ते आठदहा नंबर, विंडोजला हजारो माहीत असतात, आणि दोघांची पद्धत मात्र एकच.

तर हे नंबर येतात कुठून. मदरबोर्डला कार्डं जोडायची पीसीआय नावाची जी पद्धत इंटेलनं १९९२ मध्ये आणली (आजची पीसीआय एक्सप्रेस तिचीच मुलगी, ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी, वायफाय कार्ड सगळं तिच्यावरच), तिच्यात नियम असा की प्रत्येक कार्डाने स्वतःबद्दलची थोडी माहिती ठरलेल्या जागी ठरलेल्या क्रमाने लिहून ठेवायची. जुन्या पीसीआयमध्ये ही जागा २५६ बाइटची, एक्सप्रेसमध्ये ४०९६ बाइटची. अगदी सुरुवातीला दोन बाइट कंपनीचा नंबर, पुढचे दोन बाइट त्या कंपनीच्या मालाचा नंबर. कंपनीचे नंबर पीसीआय-एसआयजी नावाची संस्था वाटते, मालाला कुठला नंबर द्यायचा ते कंपनीनं आपलं आपण बघायचं. रिअलटेक १०ईसी, एनव्हिडिया १०डीई, आणि इंटेलनं स्वतःसाठी काय घेतला असेल, तर ८०८६. १९७८ साली आलेल्या त्यांच्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरचा नंबर! अजूनही प्रत्येक इंटेलचा पार्ट विचारल्यावर पहिल्यांदा ८०८६ असंच म्हणतो.

मशीन चालू केलं की ही विचारपूस होते. आधी बायॉस (मदरबोर्डवरचं, सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर) करतो, मग ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः परत एकदा करते (तिचा बायॉसवर फारसा भरवसा नसतो, आणि ते बरोबरच आहे). शाळेत नवीन बाई आल्यात, कॅटलॉग अजून हातात मिळालेला नाही, मग त्या बाकांच्या ओळीतून फिरत प्रत्येक जागेवर विचारतात, इथे कोण बसतं, नाव सांग, तशी ही हजेरी. बस म्हणजे रांग, जास्तीत जास्त २५६, प्रत्येक बसवर ३२ जागा, प्रत्येक जागेवर ८ पर्यंत फंक्शन्स, कारण एकाच चिपमध्ये कधी कधी दोनतीन उपकरणं दाटीवाटीनं राहतात, ग्राफिक्स कार्डावर एचडीएमआयचा ऑडिओ वेगळा नांदत असतो तसा. जागा रिकामी असेल तर? तर कुणीच तारेवर काही टाकत नाही, आणि विचारणाऱ्याच्या हातात सगळे एक पडतात, हे नंबर ज्या हेक्स (सोळाच्या) पद्धतीत लिहितात तिच्यात एफएफएफएफ. म्हणून हा नंबर कुठल्याच कंपनीला दिलेला नाही, देणारही नाहीत. गैरहजेरीसाठी तो राखून ठेवलाय. कार्ड नीट बसलं नसेल किंवा चालू असताना मेलं असेल तरी हेच दिसतं, सगळीकडे नुसते एफ, आणि हे एफ बघून कितीतरी लोकांनी कार्ड काढून, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवून परत लावलंय.

मधेच एखाद्या जागेवरून उत्तर येतं की मी ब्रिज आहे, माझ्यामागे आणखी एक बस आहे. मग तिला नवा नंबर द्यायचा, आत शिरायचं, तिथली हजेरी संपवून परत बाहेर यायचं आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे. लिनक्सवर एलएसपीसीआय ही कमांड दिली की ही पूर्ण यादी समोर येते, आणि मला ती वाचायला खरंच आवडते. आपण रोज वापरतो त्या डब्यात इतकी माणसं, आय मीन, उपकरणं आहेत हे कुणी सांगून खरं वाटणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट याच्या पुढची आहे. नाव कळलं, आता या कार्डाला मेमरीच्या पत्त्यांमधली किती जागा लागते ते कसं कळणार? सरळ मार्ग म्हणजे कार्डाने आकडा लिहून ठेवायचा, मला २५६ बाइट द्या. तसं केलेलं नाही. जिथे कार्डाला दिलेला पत्ता लिहून ठेवतात त्याच रजिस्टरमध्ये (कार्डातला आकडा ठेवायचा छोटा खण) सिस्टिम सगळीकडे एक एक एक लिहिते आणि लगेच परत वाचते. ज्या बिटांचा पत्ता ठरवायचा हक्क कार्डाचा स्वतःचा आहे ती बिटं ढिम्म हलत नाहीत, शून्यच राहतात. शेवटची आठ बिटं शून्य राहिली की समजायचं याला २ चा आठवा घात म्हणजे २५६ बाइट हवेत (त्यातली अगदी टोकाची चार बिटं वेगळ्या खुणांसाठी असतात, ती बाजूला ठेवून मोजायचं). म्हणजे जागेचा आकार वेगळा कुठे लिहूनच ठेवलेला नाही, काय हलत नाही त्यावरून तो कळतो. हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत. दोन ट्रान्झिस्टर वाचवायला लोक काय काय करायचे!

हे इतकं सुबक वाटतं कारण याच्या आधीचा काळ भयंकर होता. तो मी दादाकडून फक्त ऐकलाय. आयएसए स्लॉटच्या जमान्यात कार्डाला विचारायची सोयच नव्हती, कोण आहेस म्हटलं तर उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. साउंड कार्डावर बारीक बारीक जंपर असायचे, ते चिमट्यानं सरकवून आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार) ५ की ७ ते ठरवायचं, आणि मग मशीन चालू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये जाऊन कॉम्प्युटरलाही तेच सांगायचं, पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. म्हणजे कार्डाला हार्डवेअरमधून आणि सॉफ्टवेअरला टाइप करून, दोघांनाही माणसानंच सांगायचं, आणि दोन्हीकडे वेगळं सांगितलं गेलं की आवाज बंद. लॅन कार्ड आणि साउंड कार्डाला चुकून एकच आयआरक्यू दिला तर दोन्ही गप्प, किंवा मशीनच हँग. मग सॉफ्टवेअरनं अंदाजानं चाचपून बघितलं तर? बघायचे की, लिनक्स करायचं तसं. पण काही कार्डं अशी होती की नुसतं वाचलं तरी त्यांची अवस्था बदलायची, त्यामुळे एनई२००० लॅन कार्ड शोधायला म्हणून ज्या पत्त्यावर हात घातला तिथे भलतंच कार्ड बसलेलं असायचं आणि ते बिचकून सगळं मशीन बंद पाडायचं. लिनक्सला तेव्हा बूट करताना सांगता यायचं की बाबा रे या पत्त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

१९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आयएसएच्या कार्डांनाही बोलायला शिकवलं, आणि त्याची पद्धत मला आजही सुंदर वाटते. अडचण अशी की आयएसएवर प्रत्येक स्लॉटला वेगळं गाठताच येत नाही, हाक मारली की सगळ्यांनाच ऐकू जाते. मग प्रत्येक कार्डात एक ७२ बिटांचा नंबर घातला (६४ खरे, ८ तपासणीचे) आणि खेळ असा, सगळ्यांनी एकदम आपापला नंबर एकेक बिट करून सांगायला सुरुवात करायची. ज्याचं बिट १ त्याने तारेवर बोलायचं, ज्याचं ० त्याने गप्प राहून ऐकायचं. मी गप्प आहे आणि दुसरं कुणीतरी बोलतंय असं ऐकू आलं की त्या फेरीतून मुकाट बाहेर व्हायचं. शेवटी एकच उरतो. त्याला एक क्रमांक द्यायचा, बाजूला बसवायचं, आणि उरलेल्यांना घेऊन परत पहिल्यापासून. भांडण नाही, गोंधळ नाही. प्रत्यक्षात विंडोज ९५ आल्यावर जुनी न बोलणारी कार्डं आणि नवी बोलणारी कार्डं एकाच डब्यात आली आणि जो काय तमाशा झाला त्यावरून लोक प्लग अँड प्ले ला प्लग अँड प्रे म्हणायला लागले, ते सोडा.

यूएसबीचं पहिलं स्टँडर्ड १९९६ चं. यात तर उपकरण बोलायच्याही आधी हात वर करतं, आतल्या दीड किलोओहमच्या एका रेझिस्टरनं दोन डेटा तारांपैकी एक तार वर खेचून धरतं. कुठली तार खेचली त्यावरून कळतं, फुल स्पीड आहे की माउस-कीबोर्डसारखं हळू चालणारं. मग कॉम्प्युटर त्याला रीसेट करतो. नव्याने आलेल्या प्रत्येकाचा पत्ता सुरुवातीला शून्यच असतो, म्हणून एका वेळी एकाच पोर्टला आत घ्यायचं, त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता द्यायचा आणि विचारायचं की आता सांग सगळं. ते १८ बाइटचं एक छोटं निवेदन देतं. त्यात कंपनी, माल, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मी कुठल्या जातीचं उपकरण आहे ते, निदान ते कुठे पुढे सांगणार आहे ते. कीबोर्ड-माउस ३, प्रिंटर ७, पेनड्राइव्ह ८, हब ९. या जातींमुळे कुठल्याही कंपनीचा पेनड्राइव्ह कुठेही चालतो, कंपनीचा नंबर माहीत असायची गरजच नाही. विंडोज ९८ ला मात्र ही ८ नंबरची जात मुळातून येत नव्हती, पेनड्राइव्हबरोबर सीडी यायची ती त्यासाठी. आणि त्याच विंडोज ९८ ची एप्रिल १९९८ मधली ती शिकागोची गंमत, बिल गेट्स स्टेजवर उभे आणि सहकारी ख्रिस कॅपोसेला यूएसबी स्कॅनर लावून दाखवतायत की बघा कसं आपोआप ओळखतं, आणि भर सभेत निळा स्क्रीन, म्हणजे विंडोजच कोलमडलं. तो व्हिडिओ अजून लोक बघतात. मला त्यात वाईट वाटतं ते स्कॅनरचं, त्यानं बिचाऱ्यानं फक्त नाव सांगितलं होतं.

आता धडकीचं. हे सगळं निवेदन उपकरणानं स्वतः केलेलं असतं. ते खरं आहे का हे बघायची पीसीआयमध्ये किंवा साध्या यूएसबीमध्ये काहीही तरतूद नाही. प्रोसेसरला सीपीयूआयडी ही इन्स्ट्रक्शन दिली की तो बारा अक्षरांत उत्तर देतो, इंटेलचा असेल तर 'जेन्युइन इंटेल', एएमडीचा असेल तर 'ऑथेंटिक एएमडी'. मी अस्सल आहे असं तो स्वतःच सांगतो, झालं. एलजीचा मॉनिटर केबल लावल्यावर स्वतःची कंपनी म्हणून तीन अक्षरं सांगतो, जीएसएम, म्हणजे गोल्डस्टार, कंपनीचं नाव १९९५ ला बदललं तरी मॉनिटर माहेरचंच नाव लावतात. हे निरुपद्रवी. पण दादाच्या दुकानात एक जण ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आला होता, फुटपाथवर फारच स्वस्तात मिळालेला. विंडोज ६४ दाखवतंय, फोटो कॉपी होतायत, उघडायला गेलं की करप्ट. पेनड्राइव्हच्या कंट्रोलरला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं की किती जागा आहे विचारलं की ६४ सांग. खरी चिप फारच लहान, ती भरली की पुढचा माल जुन्यावर पडायचा नाहीतर कुठेच नाही. हे पकडायचा खात्रीचा मार्ग, पूर्ण भरून पूर्ण परत वाचून बघायचं, एफ३ सारखी टूल्स तेच करतात. विचारून कळत नाही, वागवून बघावं लागतं.

२०१४ साली एफटीडीआय या कंपनीनं हेच केलं आणि चांगलंच अंगाशी आलं. त्यांची यूएसबी टू सिरियल चिप (जुन्या सिरियल पद्धतीनं बोलणारी उपकरणं यूएसबीला जोडणारी) जगभर वापरतात आणि तिच्या नकलाही जगभर, नकली चिपा एफटीडीआयचाच नंबर सांगतात म्हणजे एफटीडीआयचाच ड्रायव्हर फुकट मिळतो. कंपनीनं विंडोज अपडेटमधून नवा ड्रायव्हर सोडला, तो मेमरीत लिहायच्या पद्धतीतल्या बारीक फरकावरून नकली चिप ओळखायचा आणि तिचा मालाचा नंबर पुसून शून्य करून टाकायचा. चिप जिवंत, पण विचारल्यावर सांगणार शून्य, त्यामुळे कुठलाच ड्रायव्हर तिला घेईना. ज्यांच्याकडे नकली चिप आहे त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतही नव्हतं, कुणाचं आर्डुइनो (हौशी लोकांचा छोटा सर्किट बोर्ड) तर कुणाचं कुठलं उपकरण एका अपडेटनं गप्प झालं. बोंबाबोंब झाली, ड्रायव्हर मागे घेतला. कंपनीचं नुकसान होत होतं हे मान्यच, पण शिक्षा कुणाला दिली? चोराला नाही, गिऱ्हाइकाला.

त्याच वर्षी कार्स्टन नोल आणि याकोब लेल या सुरक्षा संशोधकांनी ब्लॅक हॅट या कॉम्प्युटर सुरक्षेच्या परिषदेत दाखवलं की पेनड्राइव्हचं आतलं फर्मवेअर (चिपमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) बदलून त्याला 'मी कीबोर्ड आहे' असं सांगायला लावता येतं, आणि मग तो भराभर कमांड टाइप करत सुटतो. कॉम्प्युटर काय करणार, कीबोर्ड म्हणाला ना तो, मग टाइप करणारच.

अर्थात खोटं बोलणं कायम वाईटच असतं असंही नाही. आता मी ज्या सर्व्हरांवर काम करते ते सगळे व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले. एकदा एका जुन्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एलएसपीसीआय मारलं तर रिअलटेकचं ८१३९ दिसलं! ते सेकंदाला शंभर मेगाबिटवालं स्वस्त लॅन कार्ड, एके काळी घराघरातल्या केबलवाल्या इंटरनेटला लावलेलं. क्यूईएमयू हा सॉफ्टवेअरमधला कॉम्प्युटर तसं कार्ड असल्याचं नाटक वठवतो, विचारलं की १०ईसी, ८१३९ सांगतो, आतली प्रत्येक रजिस्टर त्या कार्डासारखी वागवतो, आणि लिनक्सचा जुना ड्रायव्हर आनंदानं त्याच्याशी बोलतो. कारण ते कार्ड सगळ्यांनाच माहीत होतं, सगळ्यांकडे ड्रायव्हर होता.

पूर्वी मला हा भाबडेपणा म्हणजे डिझाइनमधली खोट वाटायची. आता नाही वाटत, कारण दुसरी बाजू अनुभवली. एका जुन्या लॅपटॉपचं वायफाय फारच रडकं होतं म्हणून चांगलं इंटेलचं कार्ड आणून बसवलं. चालू केलं तर लॅपटॉप बूटच होईना, स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ की परवानगी नसलेलं कार्ड आहे, काढून टाका. म्हणजे त्यानं हजेरी नीट घेतली होती, नाव विचारलं, उत्तर मिळालं, उत्तर खरंही होतं, फक्त बायॉसमधल्या मंजूर यादीत ते नव्हतं. जी पद्धत कुणीही यावं आणि चालावं म्हणून बनवली तिच्याच नंबरांवरून दारात अडवायचं. लॅपटॉपच्या कंपनीच्या मते ते रेडिओच्या नियमांसाठी वगैरे होतं, असेल बापडं, मला तरी त्यांचंच महागडं कार्ड घ्यावं यासाठी वाटलं.

फोनवाले याच्या पुढे गेलेत, तिथे नुसता नंबर नाही, पार्टची मदरबोर्डबरोबर गाठ मारून ठेवलेली असते, पार्टस पेअरिंग म्हणतात. खऱ्या कंपनीचा खरा पार्ट, दुसऱ्या फोनमधून काढून लावला तरी कुरकुर. अमेरिकेत ओरेगन राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून यावर बंदी घातली, आपल्याकडे राइट टू रिपेअरची (आपली वस्तू हवी तिथे दुरुस्त करून घ्यायच्या हक्काची) चर्चा आहे, बघू. फसवणाऱ्या पेनड्राइव्हवाल्याचा मला राग आहेच, पण तो पूर्ण भरून बघितला की पकडता येतो. जो पार्ट खरं सांगतोय आणि तरीही ऐकून घ्यायचं नाही असं वरून ठरलंय, त्याचं काय करायचं.

माझ्या फोनची बॅटरी मी कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून घेतली. उत्तम चालतेय. सेटिंग्जमध्ये गेलं की मात्र मेसेज येतो, ही बॅटरी अस्सल आहे की नाही ते सांगता येत नाही, आणि बॅटरीची किती टक्के ताकद शिल्लक आहे तो आकडा दाखवणंच बंद झालंय. मी दुकानदाराला विचारलं, बॅटरीला सांगता येत नाही का? त्यानं तसलीच एक बॅटरी घेतली, बोटभर वायरीनं एका छोट्या मशीनला जोडली, आणि दोन सेकंदांत मशीनवर आकडा आला. "ती सांगते की ताई," तो म्हणाला, "फोन दाखवत नाही."